४४ मॅग्नमला ब्रेक लावू की नळीला भोकं पाडू?

पत्र असं आहे:

"दादा नमस्कार. ओहायोत राहतो, हरणाच्या शिकारीचं हे तिसरं वर्ष. आधी शॉटगन न्यायचो, मागच्या वर्षी हौसेने रिव्हॉल्व्हर घेतलं, रुगर सुपर रेडहॉक, ४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी, वर २ पॉवरचा स्कोप. कंपनीची रबराची ग्रिप काढून लाकडाची बसवली कारण दिसायला एक नंबर. रेंजवर पन्नासची पेटी संपवली की मनगट दोन दिवस ठणकतं आणि बार उडाला की नळी पार कपाळाकडे येते. गेल्या गन सीझनला ५५ यार्डांवर शांत उभी असलेली मादी चुकवली, गोळी तिच्या पायाशी मातीत गेली. मेहुणा लपायच्या ब्लाइंडमध्ये शेजारीच बसला होता, अजून चिडवतो. आता गनस्मिथ म्हणतो नळी पोर्ट करून घे, मेहुणा म्हणतो मझल ब्रेक लाव, आणि मला वाटतं हे विकून ब्रेकसकट येणारं ४६० घ्यावं नाहीतर एन्कोर पिस्तूल ३०८ मध्ये घ्यावं. काय करू? - दोन्हीकडून ओढला गेलेला"

अरे बाबा, आधी ३०८ चं उरकून टाकतो म्हणजे तुझा पाव प्रश्न इथेच संपेल. एन्कोर झकास पिस्तूल आहे, एका वेळी एकच काडतूस, नळ्या बदलता येतात, सगळं मान्य. पण ओहायोत हरणासाठी हँडगन न्यायची तर नळी किमान ५ इंची आणि काडतूस सरळ भिंतीचं, ३५७ कॅलिबर किंवा त्याहून मोठं, असा नियम आहे, आणि ३०८ ची केस मानेपाशी बाटलीसारखी निमुळती होते, म्हणजे तिथेच बाद. तुझं ४४ चालतं, त्याहून दांडगी ४५४ कॅसुल, ४६० आणि ५०० ही काडतुसं पण चालतात. नियमांचं बुकलेट दर वर्षी नवीन निघतं, ते सीझनच्या आधी चाळायची सवय लाव, खिशाला परवडणारी सवय आहे.

आता पत्रातली मला सगळ्यात जास्त बोलकी वाटलेली ओळ. नळी वर उडते म्हणून तुला ब्रेक हवाय, आणि गोळी गेलीय खाली! जरा थांबून विचार कर ना यावर. साडेसात इंची नळीतून गोळी बाहेर पडायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो, त्या वेळात नळी थोडीशीच वर उचललेली असते, तुला जे कपाळाकडे येताना दिसतं ते जवळजवळ सगळं गोळी निघून गेल्यावर घडतं. तेवढ्या थोड्याशा उचलण्याचा हिशोब स्कोप झिरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी एका ठिकाणी जुळवून घेताना, आपोआप धरला जातोच. म्हणजे रिकॉइलने गोळी मादीच्या पायाशी जाऊ शकत नाही. ती तिथे गेली कारण बार उडायच्या आधीच तुझ्या हाताने झटक्याची तयारी केली, मनगट पुढे दाबलं, बोटं आवळली, बहुतेक डोळे पण मिटले असतील. याला फ्लिंच म्हणतात आणि यात लाज वाटायचं काही कारण नाही, ४४ मॅग्नमच्या वाटेला गेलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी झालेला आजार आहे हा, मला दोनदा झालाय. पण त्यावर नळीला भोकं पाडणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तरी ब्रेक आणि पोर्टिंगचा प्रश्न खोटा नाहीये, तो नीट समजून घेऊ, कारण गनस्मिथ आणि मेहुणा दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलतायत आणि दोघंही वेगवेगळ्या दुखण्यावरचं औषध सांगतायत.

हँडगनचा झटका आपण एक समजतो पण त्यात दोन गोष्टी असतात. एक सरळ मागे येणारा धक्का, जो तळहाताच्या गादीत आणि मनगटात बसतो. दुसरं म्हणजे नळीचं वर उडणं, कारण नळी तुझ्या मुठीच्या बरीच वर असते, धक्का तिच्या रेषेत मागे येतो आणि मूठ खाली धरून ठेवते, मग तोंड वर जाणारच. पोर्टिंग म्हणजे नळीच्या तोंडाजवळ, पुढच्या साइटच्या दोन बाजूंना, वरच्या अंगाला पाडलेल्या फटी. गोळी त्या फटींच्या पुढे गेली की मागचा गॅस वरून फुसकन बाहेर पडतो आणि नळीला खाली दाबतो. म्हणजे पोर्टिंगने वर उडणं कमी होतं, मागे येणारा धक्का जवळपास तसाच राहतो, फक्त सरळ येतो. मझल ब्रेक हा वेगळा तुकडा असतो, नळीच्या तोंडावर आटे पाडून बसवलेला, त्यात आडव्या भिंती असतात आणि गॅस त्यांच्यावर आपटून बाजूला किंवा किंचित मागे वळतो. त्या आपटण्याने हत्यार पुढे ओढलं जातं. म्हणून ब्रेक मागच्या धक्क्यावर काम करतो आणि वरच्या बाजूला भोकं असतील तर उडण्यावरही.

इतकं वाचून वाटेल की मग ब्रेकच घ्यावा ना, दोन्ही करतो. इथे काडतुसातल्या दारूचा हिशोब येतो आणि तो कोणी सांगत नाही.

ब्रेक असो की पोर्ट, दोघांच्या हातात फक्त गॅस आहे. गोळीमुळे जो झटका बसतो त्याला ते हात लावू शकत नाहीत, ती बाहेर जाणार आणि तेवढा धक्का तू खाणारच. मग गॅस किती? तुझ्या ४४ मध्ये २४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी आणि फुल लोडला साधारण २४ ग्रेन दारू, म्हणजे गोळीचा दहावा भाग. ४६० मध्ये २०० ग्रेनची गोळी असेल तर दारू ४० ग्रेनच्या वर जाते, पाचवा भाग. ३०८ सारख्या रायफलच्या काडतुसात १५० ग्रेन गोळीमागे ४५ ग्रेनच्या आसपास, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. हा गॅस गोळीपेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडतो म्हणून वजनाच्या मानाने झटक्यात त्याचा वाटा जास्त असतो, पण ४४ मध्ये तो वाटा एकूण झटक्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच भरतो. त्या पाचव्यातला काही भाग ब्रेक परत मिळवून देणार. उलट रायफलचं काडतूस झाडणाऱ्या एन्कोरला चांगला ब्रेक लावला की माणूस थक्क होतो, इतका फरक पडतो. मेहुण्याने बहुतेक कोणाच्या तरी ब्रेक लावलेल्या एन्कोरचा बार काढून बघितला असणार आणि तेच डोक्यात घेऊन तुला सांगतोय.

म्हणून अनेक वर्षं ४४ वाल्या शिकाऱ्यांत पोर्टिंगच जास्त चाललं. मिशिगनमधल्या लॅरी केली यांच्या मॅग-ना-पोर्टने हे काम लोकप्रिय केलं, स्वतः हँडगनने मोठी शिकार करणारा माणूस. त्यांची पद्धत ड्रिलने भोक पाडायची नाही, विजेच्या ठिणगीने धातू झिजवायची, म्हणजे आतल्या बाजूला कंगोरा राहत नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागेल. ४४ च्या बाबतीत झटक्यापेक्षा उडणं जास्त त्रास देतं आणि पोर्टिंग त्याच्यावरच काम करतं, वजन वाढत नाही, लांबी वाढत नाही, होल्स्टर तोच चालतो. तुझा गनस्मिथ या अर्थाने चुकीचं सांगत नाहीये.

पण आता कानाकडे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा निकाल कानात लागतो, हातात नाही.

४४ मॅग्नमचा आवाज नुसता, काहीही न लावता, १६० डेसिबलच्या आसपास असतो. १४० च्या वरचा एकच धडाका कानाचं कायमचं नुकसान करू शकतो असं मानलं जातं. नुसत्या नळीत हा बहुतेक गॅस निदान पुढे तरी जातो. पोर्टमधून तो वर जातो, ब्रेकमधून बाजूला आणि तुझ्याकडे मागे येतो, आणि हँडगन आहे म्हणजे हे सगळं तुझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर चाललंय. रायफलीचं तोंड निदान लांब तरी असतं रे. रेंजवर आपण शहाण्यासारखे फोमचे प्लग घालतो, वर कान झाकणारे मफ चढवतो, त्यामुळे रेंजवर ब्रेक लावलेलं हत्यार लोण्यासारखं वाटतं आणि माणूस खूश होऊन घरी येतो. आणि मग थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, गन सीझन उघडतो त्या पहाटे जंगलात बसतो तेव्हा पानांचा आवाज ऐकायचा म्हणून कान मोकळे ठेवतो.

माझी गोष्ट सांगतो. मी एक पोर्ट केलेलं ४४ सेकंडहँड घेतलं होतं, आधीच्या मालकाने भोकं पाडून घेतलेली, मला तर फुकटात मिळाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी, सूर्य बुडून पंधरा-वीस मिनिटं झालेली, म्हणजे वेळेच्या नियमात होतो पण उजेड राखाडी झाला होता. चाळीस यार्डांवर नर आला. मफ गळ्यात होते, वर चढवायला हात हलवला असता तर तो पळाला असता असं वाटलं म्हणून तसाच बार काढला. पहिली गोष्ट म्हणजे दोन पिवळ्या ज्वाळा व्हीच्या आकारात नळीवर उभ्या राहिल्या आणि त्यानंतर मला काहीही दिसेना, डोळ्यासमोर हिरवे डाग. हरीण पडलं की पळालं, डावीकडे गेलं की उजवीकडे, शून्य माहिती. दुसरी गोष्ट म्हणजे कानठळ्या बसल्या त्या बसल्याच, डाव्या कानात कुईं असा बारीक आवाज सुरू झाला तो तीन दिवस मोठ्याने आणि त्यानंतर आजतागायत हळू आवाजात चालू आहे, रात्री खोली शांत झाली की जास्त ऐकू येतो. हरीण साठ पावलांवर मिळालं, टॉर्च घेऊन रक्त शोधत गेलो तेव्हा, ते सोड. पण ती कुईं मिळाली ती एका बारात मिळाली.

तुझ्या बाबतीत तर ब्लाइंडमध्ये मेहुणा शेजारी बसतो. ब्रेकचा गॅस बाजूला जातो म्हणजे कोणाकडे जातो, सांग बरं. खिडकीच्या झडपेच्या आत नळीचं तोंड ठेवून ब्रेक असलेल्या हँडगनचा बार काढलास तर ब्लाइंडचं कापड ढोलासारखं फुगतं, जमिनीवरची धूळ आणि सुकी पानं सगळी आत उडतात आणि शेजारच्याची बत्ती गुल. त्यात हे रिव्हॉल्व्हर, सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतूनही दोन्ही बाजूंना गॅस आणि शिशाचे कण फेकले जातात, ते ब्रेक नसला तरी होतंच. मेहुणा कितीही चिडवत असला तरी त्याला त्या फटीच्या रेषेत बसवू नकोस, मागे बसव. आणि स्वतःचा आधाराचा हात कधीही त्या फटीपुढे नेऊ नकोस, पिशवीवर टेकवून बार काढलास तर पिशवीचं कापड कसं कापलं जातं ते एकदा बघ म्हणजे बोटांचं काय होईल ते सांगायला लागणार नाही.

यावर लोक म्हणतात मग सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं नळकांडं, लाव की. एन्कोरसारख्या बंद पिस्तुलाला लावता येईल, रिव्हॉल्व्हरला त्याच फटीमुळे उपयोग नाही.

तर माझा पहिला सल्ला ब्रेक आणि पोर्ट दोघांच्याही आधी इलेक्ट्रॉनिक मफचा. बारीक आवाज मोठे करून ऐकवतात, बार उडाला की बंद होतात, हरणाचं पाऊल उलट जास्त ऐकू येतं. सकाळी ब्लाइंडमध्ये बसतानाच कानावर चढवायचे आणि उतरवायचे नाहीत, गळ्यात घालून बसायचे नाहीत, माझ्यासारखं. मेहुण्यालाही घे एक जोड. हे जमत नसेल, डोकं दुखतं, टोपी बसत नाही, काहीही कारण असेल, तर ब्रेक आणि पोर्टचा विषय तिथेच बंद कर, साधी नळी ठेव.

आता तुझ्या हत्याराला धरून बाकीच्या बारीक गोष्टी. तुझ्यावर स्कोप आहे. सुपर रेडहॉकवर स्कोपच्या रिंगा फ्रेमवर बसतात म्हणून तो बराच मागे असतो, पण तरी त्याचं पुढचं तोंड कुठपर्यंत येतं ते फूटपट्टीने मोज आणि गनस्मिथ फटी नेमक्या कुठे पाडणार ते पेन्सिलने नळीवर खूण करायला लाव. फट जर पुढच्या भिंगाच्या खाली किंवा अगदी लगत येत असेल तर प्रत्येक बाराला त्या काचेवर न जळलेल्या दारूचे दाणे आणि काजळी बसणार, आणि ती फुंकर मारून जात नाही. तू पुढे लाल टिपक्याचं छोटं साइट लावलंस तर तेही मागेच बसव.

गोळी कुठली वापरतोस ते लिहिलं नाहीस. कास्ट लीड, म्हणजे वर तांब्याचं जॅकेट नसलेली शिशाची गोळी वापरत असशील तर पोर्टिंगचा खरा चेहरा दिसेल. फटीच्या आतल्या कडेला जरा जरी कंगोरा असेल तर गोळी जाताना शिसं खरवडलं जातं, म्हणून वर म्हटलं की ठिणगीचं काम आणि ड्रिलचं काम यात फरक आहे. माझ्या त्या सेकंडहँड ४४ चं तसंच होतं. एकदा नळीच्या वर एक हातावर पांढरा पुठ्ठा स्टँडला बांधून ठेवला आणि सहा बार काढले, पुठ्ठ्यावर काळ्या पंख्याच्या आकारात काजळी आणि तिच्यात करड्या रंगाचे चकचकीत ठिपके रुतलेले, नखाने टोकरले तर मऊ, शिसं. हे ठिपके आपल्या चष्म्याकडेही येत असतात. चष्मा घालतोस ना? तो काढून स्कोपला डोळा लावणारे महाभाग बघितलेत मी.

ब्रेकच्या आतही शिसं आणि कार्बन थापलं जातं, फक्त तो काढून हातात घेऊन टूथब्रशने खरवडता येतो एवढा फरक. ब्रेकची खरी भीती दुसरी आहे. आटे किंचित तिरके पाडले गेले तर गोळी ब्रेकच्या भोकाला घासून जाते, कधी कधी नुसती ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकाच जागी बसणं, बिघडते आणि माणूस महिनाभर काडतुसं बदलत बसतो, कधी भिंतच फाडते. सरळ दांडी नळीत घालून ती ब्रेकच्या भोकाच्या मधोमध येते का हे बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे, घरी आणायच्या आधी दुकानातच करून घ्यायचं. शिवाय ब्रेक काढला की झिरो बदलतो. रेंजवर ब्रेक लावायचा आणि शिकारीला काढायचा ही युक्ती बरेच जण सांगतात, कान वाचावेत म्हणून, चांगली आहे पण मग ब्रेक काढून परत झिरो करायलाच हवं, आणि ज्या झटक्याची सवयच झाली नाही तो नेमका हरणासमोर खायचा हे मला काही पटत नाही.

४६० विषयी. स्मिथ अँड वेसनने ते २००५ साली आणलं. आठ इंचांच्या वरच्या नळीचं मॉडेल ब्रेकसकट येतं, वजन ७२ औंस म्हणजे दोन किलोच्या वर. तुझं रेडहॉक ५३ औंसाचं आहे, दीड किलो. वजन हाच मुळात सगळ्यात जुना आणि मुका ब्रेक, त्यामुळे ४६० हातात जितकं भयंकर वाटेल असं वाटतं तितकं वाटत नाही, आणि त्यात ४५ कोल्ट आणि ४५४ पण चालतात, म्हणजे हलक्या काडतुसांवर सराव करता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्याच्या दाबाची कमाल ६५,००० पीएसआय आहे, ४४ मॅग्नमची ३६,०००. हा फरक जातो कुठे? नळीच्या तोंडाशी. ब्रेकमधून बाजूला. तुझ्या आणि मेहुण्याच्या कानात. आणि ५५ यार्डांवरच्या व्हाइटटेल हरणासाठी ते लागतंच कशाला? दोनशे यार्डांच्या शॉटसाठी बनवलेली वस्तू आहे ती. फ्लिंच असलेल्या माणसाने मोठं हत्यार घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, विकायची जाहिरात पुढच्या वर्षी लिहावी लागेल.

मग करायचं काय? ती लाकडी ग्रिप काढ. आज. दिसायला एक नंबर असेल, फोटो काढून ठेव. कंपनीने रबराची दिली होती ती उगाच नव्हती, तिच्यात मागच्या बाजूला जी गादी असते ती नेमकी अंगठ्याच्या बुडाशी झटका पसरवते. घासून गुळगुळीत केलेलं लाकूड थंडीत घसरतं, हात दर बाराला थोडा वर सरकतो, मग पुढच्या बाराला पकड वेगळी, मग गोळी वेगळी. पन्नासची पेटी एका बसणीला संपवतोस ना, ती तर फ्लिंच शिकवायची शाळाच आहे. फुल लोडचे दहा-बारा बार झाले की बास, बाकीचा सराव ४४ स्पेशल या हलक्या काडतुसांवर कर, तुझ्याच सिलिंडरमध्ये बसतात, फक्त केस आखूड असल्यामुळे चेंबरमध्ये काजळीचं कडं जमतं ते घासून काढायचं म्हणजे मॅग्नमची लांब केस अडकणार नाही.

शिकारीलाही फुल लोडच हवा असं कुठे लिहिलंय. २४० ग्रेनची गोळी सेकंदाला १४०० फूट वेगाऐवजी ११०० ने सोडलीस तर झटक्याची ऊर्जा जवळजवळ निम्मी होते, जरा हिशोब करून बघ, कुठलाही ब्रेक ४४ ला एवढं देत नाही. आणि रुंद सपाट नाकाची कडक शिशाची गोळी त्या वेगालाही पन्नास-साठ यार्डांवर हरणाच्या फासळ्यांतून आरपार जाते. पोकळ नाकाची जॅकेटवाली मात्र त्या वेगाला नीट फुलेलच असं नाही, ती नको. वेग कमी केलास की गोळीचा मार्ग बदलतो, म्हणजे पुन्हा झिरो, आणि ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या पेपर प्लेटमध्ये जात नाहीत त्या अंतरावर जिवंत जनावरावर नेम धरायचा नाही. आणि बघ, असा हलका लोड वापरायचा ठरला की गॅस आणखी कमी, म्हणजे पोर्टिंगला पकडायला काही उरतच नाही, वर शिशाची गोळी असल्यामुळे खरवडायचं दुखणं मात्र राहिलं. तुझ्या हत्याराला भोकं पाडू नको म्हणतोय ते यासाठी. पाडलेलं भोक बुजत नाही.

हे सगळं करून एक सीझन काढलास आणि तरीही, फ्लिंच गेला तरीही, तुला मोठा लोडच हवा असेल, मनगटाला खरंच सोसत नसेल, तर मी ४४ ला पोर्टिंग करून घेईन, जॅकेटवाली गोळी वापरीन आणि मफ कानावरून हलवणार नाही. ४६० किंवा त्याच्या वरचं काही घेतलंस तर ब्रेक, निघणारा. मनगटाचं दुखणं ग्रिप बदलूनही दोन आठवड्यांत गेलं नाही तर हे सगळं ठेव बाजूला आणि डॉक्टरला दाखव, तिथे माझा सल्ला चालत नाही.

पण त्याआधी येत्या रविवारी मेहुण्याला घेऊन रेंजवर जा. रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दे आणि तू पाठ फिरवून उभा राहा. त्याने सहापैकी तीन-चार घरांत आधीच उडवलेल्या रिकाम्या केसेस घालायच्या, बाकीच्यांत जिवंत काडतुसं, सिलिंडर फिरवून बंद करायचा आणि तोंड टार्गेटकडे ठेवून तुला द्यायचं. कुठल्या घरात काय आहे तुला माहीत नाही. घोडा मागे ओढ, स्कोपमधलं क्रॉस टार्गेटवर ठेव, ट्रिगर हळू दाब. रिकाम्या केसवर नुसतं टक् होईल आणि त्या क्षणी क्रॉस कुठे गेलं ते तुला दिसेल, झाकायला धूर नाही, झटका नाही, काही नाही. पहिल्या दिवशी मी दाबलं तेव्हा माझी नळी वीतभर खाली आपटली होती आणि मागे मित्र हसत सुटला. क्रॉस हललं नाही असे सलग दहा टक् होईपर्यंत जिवंत काडतुसांची संख्या वाढवायची नाही.

मेहुण्याला कागदावर लिहून ठेवायला सांग, किती टक् झाले आणि त्यातल्या कितींना नळी खाली गेली. चिडवू दे त्याला, त्या कामाला तो उत्तम आहे. ते दोन आकडे मला पाठव, मग भोकांचं बोलू.